आवाजाला नोकरी, हाताला कलम

आमच्या तालुक्याच्या गावात एसटी स्टँडसमोर रेडिओ दुरुस्तीचं एक दुकान होतं. शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसायचो. मालकांना सगळे मास्तर म्हणत, त्यांनी शाळेत कधी शिकवलं नव्हतं तरी. उन्हाळ्यात त्यांनी माझ्याकडे एक काम दिलं होतं. रोज संध्याकाळी दुकानामागच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायचं. त्या खड्ड्यात मीठ आणि कोळसा भरून तांब्याची पट्टी पुरलेली होती आणि तिची तार आतल्या मोठ्या व्हॉल्व्हच्या रेडिओला जोडलेली होती. एप्रिल-मेमध्ये जमीन भेगाळली की मुंबई ब केंद्राच्या मागे खरखर वाढायची. पाणी मुरलं की थोड्या वेळात आवाज मोकळा व्हायचा. "एरियल कितीही उंच ने," मास्तर म्हणायचे, "अर्थिंग कोरडी असली तर खरखरच ऐकत बसशील."

पुढे माझं सगळं आयुष्य आवाजाच्या कामात गेलं. लाउडस्पीकर, ध्वनिमुद्रण, नंतर लहान रेडिओ केंद्रांची उभारणी. युरोपातल्या समुद्री रेडिओ केंद्रांबद्दल मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आधी गाणी आठवली नाहीत, बंडखोरीही आठवली नाही. आठवला तो मीठ-कोळशाचा खड्डा. या लोकांच्या जहाजाखाली खारं पाणी होतं. मिडियम वेव्हच्या ट्रान्समीटरला याहून चांगली अर्थिंग पृथ्वीवर कुठे मिळणार? आम्ही बादलीने जे आणत होतो ते त्यांच्याकडे समुद्रभर होतं.

28 मार्च 1964, ईस्टरच्या आदल्या दिवशीचा शनिवार. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर फेलिक्स्टोसमोर, देशाच्या सागरी हद्दीबाहेर नांगरलेल्या एका जुन्या डॅनिश फेरीबोटीतून रेडिओ कॅरोलाइनचे कार्यक्रम सुरू झाले. ब्रिटनची सागरी हद्द तेव्हा 3 मैलांची होती. त्यापलीकडे ब्रिटिश कायद्याचा हात पोचत नव्हता. बोट सजली होती आयर्लंडमधल्या ग्रीनोर बंदरात, आणि ते बंदर होतं केंद्राचा संस्थापक रोनन ओराहिली याच्या वडिलांच्या मालकीचं. कल्पना नवी नव्हती. 1958 मध्ये डेन्मार्कसमोर रेडिओ मर्कुर आणि 1960 मध्ये हॉलंडसमोर रेडिओ व्हेरोनिका अशीच बोटींवरून सुरू झाली होती. पण ब्रिटनमध्ये भूक मोठी होती. रेडिओचा मक्ता एकट्या बीबीसीकडे होता, आणि तबकड्या किती तास वाजवायच्या यावर रेकॉर्ड कंपन्यांशी व वादकांच्या संघटनेशी झालेल्या करारांची मर्यादा होती, दिवसाला सुमारे 5 तास. एका पिढीला हवी असलेली गाणी दुकानात विकत मिळत होती, रेडिओवर मात्र जेमतेम ऐकू येत होती.

त्या काळाच्या आठवणी निघाल्या की नावं येतात ती ओराहिलीची, टोनी ब्लॅकबर्नची, जॉन पीलची. मालकांची आणि निवेदकांची. डेकखाली बसून तो आवाज समुद्रापलीकडे पोचवणाऱ्या तंत्रज्ञाचं नाव क्वचित येतं. मला लिहायचं आहे ते त्याच्याबद्दल, आणि कायदा त्याच्याशी कसा वागला त्याबद्दल. कारण तो प्रश्न अजून जुना झालेला नाही, आणि आपल्याकडे तर तो जसाच्या तसा उभा आहे.

आधी काम काय होतं ते समजून घेऊ. कॅरोलाइनकडे 10 किलोवॉटचे दोन ट्रान्समीटर होते. सुरुवातीच्या 1520 किलोहर्ट्झच्या लाटेची लांबी साधारण 197 मीटर होते. तिचा चौथा भाग घेतला तर 49 मीटर, म्हणजे जवळजवळ 160 फूट. एरियलसाठी तेवढी उंच डोलकाठी एका लहान बोटीवर उभी करायची. जमिनीवर असा मनोरा उभारताना आपण काँक्रीटचा पाया घालतो, चारी बाजूंनी पोलादी ताण देतो आणि निवांत होतो. इथे पायाच हलतोय. वाऱ्याबरोबर बोट कलते, डोलकाठीचं टोक आकाशात कित्येक फूट इकडून तिकडे जातं आणि प्रत्येक हेलकाव्याला ताणाच्या तारांवर झटका बसतो. तारा जिथे डेकला बांधल्या आहेत तिथले चिनी मातीचे इन्सुलेटर खाऱ्या तुषारांनी सतत ओले होतात. पाणी वाळतं, मीठ मागे राहतं, आणि ते ओलसर मीठ विजेला वाट करून देतं. मग ठिणगी उडते. जवळून पाहिली नसेल त्याला ती ठिणगी कळणार नाही. निळसर, जाड, तडतडणारी, आणि सुरू असलेलं गाणं त्या तडतडीत अस्पष्ट ऐकू येतं. ती दिसली की ट्रान्समीटर बंद करायचा, वर जायचं, मीठ पुसायचं, खाली यायचं, पुन्हा सुरू करायचा. वारा असो, रात्र असो.

खाली स्टुडिओत वेगळाच ताप. बोट जोराने हलली की तबकडीवरची सुई उडायची. तिच्या दांडीवर नाणी ठेवून वजन वाढवायचं, म्हणजे सुई टिकते पण तबकडी लवकर झिजते. वीज बाहेरून येत नाही, डिझेल जनरेटर चोवीस तास धडधडत असतो, आणि त्याची घरघर मायक्रोफोनमध्ये शिरू नये म्हणून झगडावं लागतं. सुट्या भागाचं दुकान समुद्रात नाही. एखादा मोठा व्हॉल्व्ह गेला तर पुरवठ्याची बोट येईपर्यंत थांबा, आणि हवा खराब असली तर ती आठवडाभरही येत नाही. निवेदक साधारण दोन आठवडे बोटीवर आणि एक आठवडा किनाऱ्यावर अशा पाळीने असत. यंत्र जाणणारा माणूस मात्र त्याची जागा घेणारा कुणी आल्याशिवाय उतरू शकत नव्हता.

आणि तरीही आवाज असा काही होता की ऐकणारे चकित व्हायचे. 1964 च्या डिसेंबरात सुरू झालेल्या रेडिओ लंडनची बोट म्हणजे अमेरिकी नौदलाची जुनी सुरुंगशोधक नौका. तिच्यावर 50 किलोवॉटचा ट्रान्समीटर होता. मिडियम वेव्हवर आवाज कसा दाबून, भरून, एकसारखा ठेवायचा याचं अमेरिकी तंत्र या मंडळींनी आत्मसात केलं होतं. याला आम्ही लिमिटरचं काम म्हणतो. आवाजाची पातळी दाखवणारा काटा शंभर टक्क्यांच्या जवळ न्यायचा, पण ओलांडू द्यायचा नाही. ओलांडला की आवाज फाटतो आणि शेजारच्या केंद्रावर सांडतो. त्या काट्यावर नजर ठेवणाऱ्याला एक गोष्ट शिकवावी लागत नाही, की हवेत आपण एकटे नाही, शेजारी दुसरा कुणी बोलतोय. ज्यांना सरकारने लुटारू म्हटलं त्यांच्यातल्या चांगल्या तंत्रज्ञांना शेजाराची ही जाणीव पुरेपूर होती.

धोक्याची कल्पना यावी म्हणून दोन-तीन प्रसंग सांगतो. टेम्स नदीच्या मुखाशी दुसऱ्या महायुद्धातले विमानभेदी तोफांचे बुरूज समुद्रात उभे होते. त्यांवरही केंद्रं निघाली. 1964 च्या डिसेंबरात रेड सँड्सच्या बुरुजावरच्या रेडिओ इन्व्हिक्टाचे तीन जण बोट बुडून गेले. जानेवारी 1966 मध्ये कॅरोलाइनची मी अमिगो ही दुसरी बोट नांगर तुटून फ्रिंटनच्या किनाऱ्यावर जाऊन आदळली. त्याच वर्षी जूनमध्ये तर रक्त सांडलं. शिव्हरिंग सँड्सच्या बुरुजावरचा एक ट्रान्समीटर कुणाचा, यावरून रेडिओ सिटीचा मालक रेजिनल्ड कॅल्व्हर्ट आणि ऑलिव्हर स्मेडली यांच्यात वाद पेटला. स्मेडलीच्या माणसांनी रात्री बुरूज ताब्यात घेतला, दुसऱ्या दिवशी कॅल्व्हर्ट स्मेडलीच्या घरी पोचला आणि तिथे गोळी लागून मेला. न्यायालयाने स्मेडलीला निर्दोष सोडलं. या धंद्यात पैसा होता, पैशाभोवती जमणारी माणसंही होती, आणि ती सगळी काही धुतल्या तांदळासारखी नव्हती. हे लपवून मला या लोकांची बाजू मांडायची नाही.

सरकारला मात्र हवं होतं ते निमित्त मिळालं. जुलै 1966 मध्ये विधेयक आलं आणि 14 ऑगस्ट 1967 च्या मध्यरात्री सागरी प्रसारणाविरुद्धचा कायदा लागू झाला. (आपल्याकडे स्वातंत्र्याला वीस वर्षं होत होती त्याच रात्री.) या कायद्याची रचना नीट पाहण्यासारखी आहे. बोट हद्दीबाहेर होती, तिच्यावर परक्या देशाचा झेंडा होता. तेव्हा कायद्याने बोटीला हात लावला नाही, बोटीला लागणाऱ्या हातांना लावला. तिथून बोलणं गुन्हा झालाच, पण वायरलेसचं यंत्र पुरवणं, बसवणं, दुरुस्त करणं, चालू ठेवणं, बोटीवर माल किंवा माणूस नेऊन सोडणं, तबकडी पोचवणं, जाहिरात देणं हे सगळं ब्रिटिश नागरिकासाठी गुन्हा ठरलं. कमाल शिक्षा 2 वर्षांची कैद. इन्सुलेटरवरचं मीठ पुसायला वर चढणारा पोरगा आता गुन्हेगार होता.

दीड महिन्यानंतर, 30 सप्टेंबर 1967 ला, बीबीसीने रेडिओ वन सुरू केला. पहिला आवाज टोनी ब्लॅकबर्नचा. जॉन पील आला, केनी एव्हरेट आला, आणखी बरेच आले. रेडिओ लंडनच्या कार्यक्रमांमधल्या त्या छोट्या गायलेल्या ओळी, जिंगल, अमेरिकेतल्या डॅलसच्या ज्या कंपनीने बनवल्या होत्या तिच्याचकडून बीबीसीने आपल्याही करून घेतल्या. म्हणजे बंद केलेल्या केंद्रांचा आवाज, शैली, सूर सगळं सरकारी मान्यतेने पुन्हा हवेत गेलं. त्याचा मला आनंद आहे, लोकांना हवं होतं ते त्यांना मिळालं. पण जे काल चुकीचं होतं ते आज सार्वजनिक सेवा झालं असेल, तर काल ते ज्यांनी शक्य करून दाखवलं त्यांच्यावर कलम कशासाठी ठेवलं? निवेदकांना व्यासपीठ मिळालं. तंत्रज्ञाच्या वाट्याला आला तो कायद्याच्या पुस्तकातला उल्लेख.

त्यातले काही तरीही मागे हटले नाहीत. मार्च 1968 मध्ये थकलेल्या देण्यापोटी कॅरोलाइनच्या दोन्ही बोटी टगबोटींनी ओढून नेल्या, तेव्हा सगळ्यांना वाटलं संपलं. 1972 मध्ये मी अमिगो पुन्हा समुद्रात उभी राहिली. तिच्यावर आणि नंतरच्या रॉस रिव्हेंजवर यंत्रणा सांभाळणाऱ्यांत पीटर शिकागो या नावाने ओळखला जाणारा तंत्रज्ञ होता, त्याआधी रेडिओ नॉर्थ सी इंटरनॅशनलच्या बोटीवर काम केलेला. मार्च 1980 च्या वादळात मी अमिगो बुडाली. लाइफबोटीने बोटीवरच्या माणसांना आणि त्यांच्या पाळलेल्या कॅनरी पक्ष्याला वाचवलं. 1983 मध्ये रॉस रिव्हेंज आली, मासेमारीचा दणकट ट्रॉलर, तिच्यावर 300 फुटांची डोलकाठी. ऑक्टोबर 1987 च्या महावादळात ती टिकली आणि नोव्हेंबरात, सगळे सुटलो म्हणत असताना, कोसळली. थोड्याच दिवसांत तात्पुरती तार ताणून केंद्र परत बोलू लागलं. ऑगस्ट 1989 मध्ये डच आणि ब्रिटिश अधिकारी बोटीवर चढले, यंत्रं फोडली, उचलून नेली. 1 ऑक्टोबरला केंद्र पुन्हा सुरू. अशा वेळी मागे उरलेल्या भंगारातून काय जोडता येईल हे ज्याला कळतं त्याला मी कारागीर म्हणतो. आमच्या मास्तरांनी एका मेलेल्या रेडिओतून तीन जिवंत केलेले मी पाहिले आहेत.

आता विरोधी बाजू. फ्रीक्वेन्सी मर्यादित आहेत आणि त्या वाटून घ्याव्या लागतात, हे खरंच आहे. 1948 मध्ये कोपनहेगनला युरोपातल्या देशांनी मिडियम वेव्हची वाटणी केली होती आणि समुद्री केंद्रांनी त्यातली जागा न विचारता घेतली. अडचणीतल्या जहाजांच्या संदेशांवर परिणाम होतो हा सरकारचा मुख्य आक्षेप होता. तो खरा ठरेल तिथे मी सरकारच्या बाजूला उभा आहे. बुडणाऱ्या माणसाची हाक झाकणारं गाणं वाजवण्याचा हक्क कुणालाच नाही. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे पैसे बुडवणंही चूक. पण या आक्षेपांचं उत्तर मोजमापाने देता येतं. फ्रीक्वेन्सी सरकली का, आवाज शेजारी सांडतो का, हे यंत्र लावून तासाभरात कळतं, आणि चांगला तंत्रज्ञ ते स्वतःच दुरुस्त करतो. त्याऐवजी 1970 मध्ये काय झालं ते पाहा. रेडिओ नॉर्थ सी इंटरनॅशनल बंद पाडण्यासाठी ब्रिटिश सरकारने स्वतःच त्या फ्रीक्वेन्सीवर गोंगाट सोडला. हवा स्वच्छ ठेवण्याची जबाबदारी ज्याची, त्यानेच ती गढूळ केली. तेव्हा मुद्दा फ्रीक्वेन्सीच्या शिस्तीपुरता उरला नव्हता. परवानगीशिवाय कुणी बोलतोय हेच सहन होत नव्हतं.

आपल्याकडची गोष्ट वेगळी आहे असं समजायचं कारण नाही. 1952 मध्ये माहिती व प्रसारण मंत्री झालेल्या बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळपास हद्दपार केली. पुण्याचा हा विद्वान माणूस, शास्त्रीय संगीतावर त्यांचं खरं प्रेम होतं, हेतूही वाईट नव्हता. पण लोकांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावला. अमीन सयानी कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित करायचे, टेप विमानाने कोलंबोला जायची आणि तिथून बिनाका गीतमाला अख्ख्या भारतात ऐकली जायची. सिलोनचं केंद्र त्याच्या देशात पूर्ण कायदेशीर होतं, तरी आपल्यासाठी त्याने तेच काम केलं जे कॅरोलाइनने ब्रिटनसाठी केलं. 3 ऑक्टोबर 1957 ला विविध भारती सुरू झाली. बीबीसीला रेडिओ वन सुचायच्या दहा वर्षं आधी दिल्लीलाही समुद्रापलीकडचंच केंद्र ऐकून शहाणपण आलं.

त्याही मागे जाऊ. 1942 च्या ऑगस्टात मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 42.34 मीटरवर काँग्रेस रेडिओ सुरू केला. परकीय सरकारच्या डोळ्यांदेखत शहरातल्या जागा बदलत तो जवळपास तीन महिने चालला. 12 नोव्हेंबरला गिरगावातल्या पारेख वाडीत पोलीस शिरले, आणि त्यांना वाट दाखवली होती केंद्राच्याच तंत्रज्ञाने. त्याला मी माफ करायला निघालेलो नाही. पण एवढं दिसतं की पोलिसांनाही ठाऊक होतं, केंद्र ज्याच्या हातात आहे तो हात कुठला. उषाताईंना 4 वर्षांची शिक्षा झाली, त्या येरवड्याला गेल्या. ज्यांनी यंत्रसामग्री पुरवल्याचा आरोप होता ते शिकागो रेडिओ या ध्वनियंत्रणेच्या कंपनीचे नानक मोटवाने सुटले. (मुंबईच्या शिकागो रेडिओचं आणि उत्तर समुद्रातल्या पीटर शिकागोचं नाव एक असणं हा निव्वळ योगायोग, पण मला तो दरवेळी थांबवतो.) पुढे गोव्याच्या मुक्तीसाठी 1955 पासून 1961 पर्यंत वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सरहद्दीवरच्या जंगलातून, आधी आंबोलीहून आणि मग कॅसल रॉकहून, पोर्तुगीज आणि कोकणीतून गुप्त केंद्र चालवलं. या सगळ्यांना आपण स्वातंत्र्यसैनिक म्हणतो आणि ते योग्यच आहे. मग विनापरवाना ट्रान्समीटर ही वस्तू मुळातच पापी आहे असं तरी आपण कोणत्या तोंडाने म्हणायचं?

बिहारच्या वैशाली जिल्ह्यात मन्सूरपूर गावी एका रेडिओ दुरुस्तीवाल्या तरुणाने किरकोळ खर्चात छोटा एफएम ट्रान्समीटर बनवला, बांबूला एरियल बांधला आणि गावाला गाणी, निरोप, आरोग्याची माहिती ऐकवू लागला. परवाना लागतो हेच त्याला माहीत नव्हतं. 2006 मध्ये त्याचं केंद्र बंद केलं गेलं. ज्या देशाला अशा पोरांची गरज आहे त्या देशाने त्याला बोलावून मोजमापाचं यंत्र दाखवायचं, एक फ्रीक्वेन्सी नेमून द्यायची. आपण 1885 आणि 1933 सालचे, परकीय सरकारने स्वतःच्या भीतीपोटी केलेले तार आणि वायरलेसचे कायदे दाखवले.

आणि हे कधी, तर सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितल्यानंतर. 9 फेब्रुवारी 1995 चा निकाल. प्रश्न होता क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाचा, पण न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी त्याचं मूळ पकडलं. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिचं नियमन सरकारच्या मर्जीने न होता स्वतंत्र, स्वायत्त संस्थेने लोकहितासाठी करावं. तीस वर्षं उलटली. ती संस्था अजून नाही, परवाना आजही मंत्रालयच देतं. खासगी एफएमला आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा ऐकवण्याची मुभा आहे, स्वतःची एकही बातमी देता येत नाही. सामुदायिक रेडिओलाही तेच बंधन, शिवाय शक्ती 100 वॉटची. गावच्या ग्रामसभेत काल काय ठरलं हे गावातल्या केंद्राने बातमी म्हणून सांगायचं नाही, आणि त्याच गावातल्या प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलवर खऱ्याखोट्याचा पूर वाहतोय! यात कुठलं लोकहित साधतं हे मला अजून कुणी समजावून दिलेलं नाही.

परवाना सैल केला तर द्वेष पसरेल, असं म्हणत हेट रेडिओचा दाखला नेहमी दिला जातो, आणि तो गंभीर आहे. रवांडात 1994 च्या नरसंहारात रेडिओने माणसं मारायला चिथावलं. पण ते केंद्र, आरटीएलएम, चोरून चालत नव्हतं. सत्तेतल्या लोकांच्या पाठबळावर, रीतसर परवानगीने चालत होतं. द्वेष पसरवणाऱ्यावर खटला भरण्यासाठी कायदे हवेत आणि आहेतही. परवान्याचा कागद द्वेष थांबवत नाही.

खेड्यातल्या लोकांना यंत्र झेपत नाही, हे दुसरं पालुपद. आंध्रातल्या, आता तेलंगणात असलेल्या माचनूरला 2008 मध्ये सुरू झालेला संघम रेडिओ दोन दलित स्त्रियांनी चालवला. ध्वनिमुद्रण, संपादन, प्रसारण सगळं. आपल्या म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी त्याच वर्षापासून चालू आहे. मी स्वतः शिकवलेल्या मुलींपैकी एकीने, तिची दहावीही झालेली नव्हती, तिसऱ्याच दिवशी मला विचारलं होतं, "सर, काटा लाल भागात गेला की शेजारच्या स्टेशनला त्रास होतो का?" हा प्रश्न विचारायला काही वेळा पदवीधर इंजिनिअरला वर्ष लागतं.

एका संस्थेच्या अर्जासाठी मी गेली काही वर्षं मदत करतोय. संस्थेचं आणि कार्यालयाचं नाव इथे नको, माणसं बदलली तरी पद्धत तीच राहते. खोली तयार आहे, भिंतींना आतून गोणपाट आणि जुन्या गोधड्या लावून आम्ही घुमणारा आवाज मारला आहे. मिक्सर आहे, दोन बऱ्यापैकी मायक्रोफोन आहेत, ट्रान्समीटर आणि मनोऱ्याची जागा रिकामी ठेवली आहे. तीन वेळा कागद परत आले. एकदा मनोऱ्याची उंची कुठून मोजली ते लिहिलं नव्हतं म्हणून, एकदा संस्थेच्या एका पदाधिकारीबाईंचं नाव दोन कागदांवर दोन प्रकारे आलं म्हणून, तिसऱ्यांदा मुदत संपलेला दाखला जोडला म्हणून. तो दाखला पाठवला तेव्हा चालू होता, टेबलावर पडून राहिला तेवढ्यात त्याची मुदत संपली. प्रत्येक आक्षेप एकेकटा घेतला तर चुकीचा नाही. सगळे मिळून त्यांनी साडेतीन वर्षं खाल्ली.

मला जे हवंय ते फार नाही. लहान शक्तीच्या केंद्रांसाठी, समजा 10 ते 25 वॉट, जिल्ह्याच्या पातळीवर नोंदणी असावी, दिल्लीची वारी नको. शहरांतली एफएमची पट्टी भरलेली आहे, मान्य. माण, खटाव, आटपाडीकडे डायल फिरवून पाहा, मैलोनमैल सुनसान आहे. तिथे मोकळी जागा शोधून देणं हे सरकारी अभियंत्याचं एका दिवसाचं काम. केंद्रात शिकलेला एक तंत्रज्ञ असावा आणि त्याची परीक्षा हौशी हॅम रेडिओवाल्यांची घेतात तशी घ्यावी. अधिकाऱ्याने मोजमापाचं यंत्र घेऊन यावं, फ्रीक्वेन्सी आणि सांडणारा आवाज तपासावा. दोष निघाला तर दुरुस्तीला मुदत द्यावी, पुन्हा निघाला तर केंद्र बंद करावं. स्थानिक बातम्या देऊ द्याव्यात, चुकीच्या बातमीला वर्तमानपत्राला जे कायदे लागतात तेच लावावेत. आणि कुणाला दुखापत न करता, कुणाच्या संदेशात न शिरता, हाताने ट्रान्समीटर बनवणाऱ्या मुलाला पहिल्या खेपेला कैदेची भीती दाखवू नये. त्याला शिकवावं.

ब्रिटनने शेवटी ते केलं, पण त्याला पन्नास वर्षं लागली. 2017 मध्ये रेडिओ कॅरोलाइनला मिडियम वेव्हचा रीतसर परवाना मिळाला. फ्रीक्वेन्सी 648 किलोहर्ट्झ, एके काळी बीबीसी वर्ल्ड सर्व्हिस वापरत असलेली. रॉस रिव्हेंज आता इसेक्समधल्या ब्लॅकवॉटर नदीत उभी आहे.

आमच्या संस्थेच्या गावात एक आजी होत्या, जात्यावरच्या ओव्या त्यांच्या इतक्या कुणाला येत नव्हत्या. पहिला अर्ज धाडला त्या महिन्यात आम्ही त्यांना त्या गोधड्यांच्या खोलीत बसवून ध्वनिमुद्रण केलं. जातं खोलीत आणता येईना, तेव्हा मायक्रोफोनची वायर त्यांच्या ओसरीपर्यंत नेली. शेवटच्या दहा मिनिटांत मागे कोंबडा आरवतो, तो मी काढलेला नाही. एकूण 41 मिनिटं आहेत. दुसऱ्यांदा कागद परत आले त्या पावसाळ्यात आजी गेल्या. ध्वनिमुद्रणाच्या दोन प्रती माझ्याकडे आहेत, एक संस्थेत. परवाना आला की पहिल्या दिवशी पहाटे साडेपाचला तेच लावायचं ठरलं आहे.